दुसऱ्या बाजूची गाणी

गेल्या डिसेंबरात पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. भाचीनं तिचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडला आणि म्हणाली, "मामा, आज तुझं ऐकू." मी किशोरीताईंचा भूप मागितला. खंबाटकीचा घाट चढत होतो आणि गाडीत अचानक द्रुत बंदिश सुरू झाली. विलंबित नाही, बढत नाही, एकदम द्रुत. ती संपते न संपते तोच एका बाईनं कर्जाचे हप्ते किती सोपे आहेत ते उत्साहानं सांगितलं, आणि त्यानंतर भूपाचं विलंबित लागलं. फोनवरची गाणी उलटसुलट लावण्याची सोय चालू राहिली होती. मी वैतागलो, तर भाची शांतपणे म्हणाली, "पण गाणं तर तेच आहे ना?"

तेच आहे का? स्वर तेच, गळा तोच, ध्वनिमुद्रणही तेच. पानात आधी ताकभात वाढला, मग वरणभात, आणि शेवटी चटणी-कोशिंबीर, तर पोटात जाणारं अन्नही तेच असतं. तरी वाढणाऱ्याला आपण दोन शब्द सुनावतो. घाट उतरेपर्यंत मला तिला काही नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर आहे, आणि तेही पूर्ण आहे असं नाही.

आधी एक कबूल करतो. अल्बम नावाच्या वस्तूत पवित्र असं काही नाही. १९०२ साली कोलकत्यात गौहर जाननं ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गायला सुरुवात केली तेव्हा तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची होती. तेवढ्यात राग मांडायचा, तान घ्यायची आणि शेवटी आपलं नावही सांगायचं. अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, सगळे या तीन मिनिटांच्या पिंजऱ्यातून आपल्यापर्यंत आले. नाटकात वन्समोअर घेत घेत रंगत जाणारं पद तबकडीवर चहाचा कप संपायच्या आत संपायचं. अशा ७८ फेऱ्यांच्या तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पानांच्या वहीत खोचून विकत, त्यावरून अल्बम हा शब्द आला. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले काढली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. म्हणजे आज ज्याला आपण 'संपूर्ण अल्बम' म्हणून हळवे होतो, त्याची लांबी कुठल्या कलावंतानं ठरवलेली नाही. ती खाचेची रुंदी आणि तबकडीचा व्यास यांनी ठरवली.

पण लांबी कारखान्यानं ठरवली तरी त्या लांबीत काय कशानंतर यायचं, हे कुणीतरी माणूस ठरवत होता. मला जे हरवल्यासारखं वाटतं ते इथे आहे. तबकडीवर माझा जीव नाही, क्रमावर आहे.

आणि क्रम ही गोष्ट आपल्याला ग्रामोफोन कंपनीनं शिकवलेली नाही. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. वग आधी आणि गण शेवटी असा फड कुणी उभा केला नाही. वारकऱ्यांच्या भजनाला रामकृष्णहरीच्या गजरानं सुरुवात, मग रूपाचे अभंग, पुढे गौळणी, शेवटी भैरवी आणि पसायदान. गावातला विणेकरी शाळेत गेलेला असो वा नसो, हा क्रम त्याला पाठ असतो, आणि कुणी मध्येच गौळण धरली तर टाळकऱ्यांच्या भुवया वर जातात. बैठकीत कुठला राग आधी, कुठला नंतर, ठुमरी केव्हा, भैरवी केव्हा, यात गायकाची निम्मी अक्कल दिसते.

कुमार गंधर्वांनी तर क्रमालाच रचनेचा दर्जा दिला. 'गीतवर्षा', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व' हे त्यांचे कार्यक्रम म्हणजे नुसती गाण्यांची मोळी नव्हती. 'गीतवर्षा'त पावसाळ्यातल्या बंदिशी आणि लोकधुना अशा ओवल्या होत्या की एकीचा ओलावा दुसरीत झिरपावा. 'त्रिवेणी'त सूरदास, कबीर आणि मीरा एकमेकांशेजारी बसतात. त्यातला एकटा कबीर काढून ऐकला तर तो सुंदरच लागतो, पण शेजार गेलेला असतो. हे अल्बमच होते. फक्त ते तबकडीवर जन्मले नाहीत, सभागृहात जन्मले.

या बाबतीत माझं लाडकं उदाहरण मात्र गीतरामायणाचं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं गेलं आणि मग आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर मालिका चालली. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून बावन्नाऐवजी छप्पन गाणी झाली. गदिमा लिहिताहेत, बाबूजी चाल लावताहेत, माणिक वर्मांपासून वसंतराव देशपांड्यांपर्यंत निरनिराळे गळे गाताहेत आणि लोक पुढच्या आठवड्याची वाट पाहताहेत. आठवड्याला एक गाणं! आजच्या हिशेबानं ही चैन नव्हे, शिक्षा. पण एक गाणं आठवडाभर घरात राहायला यायचं, सकाळी अंघोळीच्या वेळी, दुपारी धुणं वाळत घालताना अर्धवट आठवायचं, आणि मग दुसरं यायचं. आज तीच छप्पन गाणी फोनवर दोन सेकंदांत मिळतात, आणि बहुतेक घरांत त्यांतली तीच पाच-सहा वाजतात. उरलेली पन्नास कुणी नाकारलेली नाहीत. त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

इथे कुणीही म्हणेल की पूर्वीचे लोक तरी कुठे सगळं ऐकत होते? बरोबर आहे. चौकातल्या दुकानदाराला गाण्यांची यादी दिली की तो कोऱ्या कॅसेटवर 'भरून' द्यायचा. एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर लता, किशोर, दोन मराठी भावगीतं आणि शेवटी जागा उरली म्हणून त्यानं स्वतःच्या आवडीनं टाकलेला एखादा वाद्यवृंदाचा तुकडा. प्लेलिस्ट म्हणतात ती हीच, आणि तीही बेकायदेशीर. अल्बमच्या नावाखाली कंपन्यांनी आपल्याला गंडवलंही भरपूर. दोन चांगल्या गाण्यांसाठी आठांचे पैसे मोजायचे हा सरळ धंदा होता. सीडी आली, चौऱ्याहत्तर मिनिटांची जागा मिळाली, आणि ती भरायची म्हणून काय काय भरलं गेलं ते आठवलं की सुटं गाणं निवडण्याचं स्वातंत्र्य मिळालं ते बरंच झालं असं मलाही वाटतं.

पण त्या गंडवण्यातच एक गंमत लपलेली होती. एका कॅसेटवर दोन चित्रपट यायचे. पहिल्या बाजूला चाललेला, दुसऱ्या बाजूला पडलेला. आपण पहिल्यासाठी पैसे दिलेले असायचे. पण कॅसेट संपली की ती उलटायचीच, कारण मागे गुंडाळायला वेळ लागायचा आणि टेपरेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरायच्या. अशा आळसातून न चाललेल्या चित्रपटांची कितीतरी गाणी माझ्या पिढीच्या मनात कायमची जाऊन बसली. ती आम्ही शोधली नव्हती. कुणी शिफारसही केली नव्हती. ती दुसऱ्या बाजूला होती, एवढंच.

किशोरीताईंचा तो भूप आमच्या घरी तबकडीवर होता, तिच्याबाबतही असंच झालं. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. घरी भूपाची बाजू इतकी वाजायची की मला त्यातले श्वासही पाठ होते. बागेश्री मला आवडत नव्हता. संथ वाटायचा, काही घडतच नाही असं वाटायचं. वडिलांना तो आवडायचा, आणि रेकॉर्डप्लेअरवर सत्ता त्यांची होती. त्यामुळे रविवारी दुपारी तो कानावर पडायचाच. किती वर्षांनी ते नेमकं सांगता येणार नाही, पण एका दुपारी मला कळलं की मी भूप संपण्याची वाट पाहतो आहे. माझ्यात काय बदललं होतं? कुणी समजावलं नव्हतं, मी रागशास्त्र वाचलं नव्हतं. नको असलेल्या गोष्टीजवळ पुरेसा वेळ बसलो होतो, बस.

माझा मुद्दा हाच आहे. आवड ही आधीपासून आपल्या आत कुठेतरी तयार असते आणि तिला जुळणारं गाणं शोधून आणायचं असतं, असं समजून आजची सगळी यंत्रणा बांधलेली आहे. मला वाटतं आवड सापडत नाही, ती घडते, आणि न मागितलेल्या गोष्टींच्या सहवासात घडते. घरात हे काम तबकडीची दुसरी बाजू करायची. घराबाहेर मैफल करायची. १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव चालू आहे. माणसं जायची भीमसेनजींसाठी, पण जागा मिळावी म्हणून लवकर जायची, आणि लवकर गेल्यावर कुणा नवख्या गायकाचा पूरिया ऐकावाच लागायचा. बटाटेवडा खाऊन येईपर्यंत अर्धा सुटायचा हे खरं. उरलेल्या अर्ध्यात एखादा नवा गायक कायमचा मिळून जायचा.

आता गाणी सुचवणाऱ्या यंत्राकडे येऊ, कारण त्याला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. स्पॉटिफायनं २०१५ साली दर सोमवारी तीस गाण्यांची नवी यादी द्यायला सुरुवात केली. ती बनवण्याची युक्ती हुशारीची होती: लाखो लोकांनी स्वतः बनवलेल्या याद्या तपासायच्या, कुठली गाणी वारंवार एकमेकांशेजारी येतात ते पाहायचं, आणि तुमच्या आवडीच्या गाण्याचा जो शेजारी तुम्ही अजून ऐकलेला नाही तो तुमच्यापुढे ठेवायचा. म्हणजे यंत्राची सगळी अक्कल मुळात माणसांनी लावलेल्या क्रमातूनच आलेली. हे मला विनोदी वाटतं. शेजार ओळखायला ते आपल्याकडूनच शिकलं, आणि शिकल्यावर त्यानं आपल्याला शेजार जमवण्याच्या कष्टातून मोकळं केलं.

त्याची मर्यादाही तिथेच आहे. जे अनेकांनी जवळ ठेवलं तेच त्याला जवळचं दिसतं. ज्या गाण्याला अजून ऐकणारेच नाहीत, ते कुणाच्याच यादीत नाही, त्यामुळे त्याला शेजारही नाही. नव्या मराठी गायकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाची अडचण नेमकी ही असते. आणि जिथे शेजार साम्यावरून ठरतो, तिथे धक्का बसण्याची सोय नसते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात जी सोन्याची तबकडी गेली, तिच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस नमुने आहेत. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी त्यात आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. पण तिच्यानंतर काय आहे ते पाहा. टेक्ससचा आंधळा गायक ब्लाइंड विली जॉन्सन, गिटार वाजवत शब्दांवाचून कण्हणारा. आणि त्याच्यानंतर, अगदी शेवटी, बेथोवननं चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेतला एक संथ भाग. केसरबाई, जॉन्सन, बेथोवन! या तिघांना एकमेकांशेजारी बसवायला कुठलंही साम्य मोजणारं यंत्र धजावणार नाही. या तबकडीसाठी संगीत निवडणाऱ्या कार्ल सेगन आणि त्यांच्या मंडळींना ते सुचलं, आणि ऐकताना कळतं की तिघांच्या आवाजात एकच रात्र आहे.

पैशाचं गणितही क्रमाच्या विरोधात जाणारं आहे. तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. अडीच मिनिटांचं गाणं ऐका, एक. चाळीस मिनिटांचा बडा ख्याल ऐका, तरी एक. विलंबितात पहिल्या तीस सेकंदांत गायक नुकता षड्जावर स्थिर होत असतो, आणि हिशेब तिथेच संपलेला असतो. मग गाण्यांच्या सुरुवातीचे वाद्यमेळ आखडले, मुखडा पहिल्या दहा सेकंदांत आला, यात नवल काय? २०२४ पासून स्पॉटिफायनं आणखी एक अट घातली: मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला त्या ध्वनिमुद्रणाचे पैसे नाहीत. कंपनीची बाजू अशी की एवढ्या चिल्लर रकमा तसंही कुणाच्या हाती पडत नव्हत्या. असेल. पण दुसऱ्या बाजूची गाणी म्हणजे जवळजवळ व्याख्येनंच ही हजाराच्या आतली गाणी.

क्रमासाठी भांडण झालंच नाही असं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात अ‍ॅडेल या इंग्लिश गायिकेनं हट्ट धरला आणि स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण उलटसुलट वाजवण्याऐवजी क्रमानं वाजवणारं केलं. जगभर कौतुक झालं. दोनच वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, याच कंपनीनं भारतातल्या फुकट ऐकणाऱ्यांची हवं ते गाणं हव्या क्रमानं लावण्याची मुभा काढून घेतली. पुढे नियम बदलत राहिले, त्यात फार शिरायला नको. पण त्यामागचा विचार मात्र लक्षात राहण्यासारखा आहे: क्रम ही चैन आहे, आणि तिला भाडं आहे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं माझी चांगली फिरकी घेतली. ती म्हणाली, "मामा, तू आयुष्यभर पंधरा गायक ऐकलेस. मी आठवड्याला तेवढे ऐकते. आणि तुझ्या काळात 'तांबडी चामडी' पुण्याबाहेर तरी गेलं असतं का?" तिचं म्हणणं खोडता येत नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ते मराठी शब्दांचं नाचाचं गाणं २०२४ साली रील्सवरून परदेशातल्या क्लबांपर्यंत गेलं, आणि नाचणाऱ्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. माझ्या जमान्यात त्याला एखाद्या गणेशोत्सवाच्या मंडपाबाहेर कुणी ओळखलं नसतं. मी तिला एवढंच विचारलं की त्या दोघांचं दुसरं कुठलं गाणं तुला माहीत आहे? ती थांबली. मग हसली. "नाही. पण तुला त्या 'गारवा'मधली किती माहीत आहेत?"

हे मात्र वर्मी लागलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या पिढीनं पावसाळ्यात 'गारवा'ची कॅसेट घासून घासून ऐकली. आधी सौमित्रच्या आवाजात कविता, मग मिलिंद इंगळ्यांचं गाणं, मग पुन्हा कविता, अशी ती बांधणी. मी तो पूर्ण ऐकला असं मला वाटत होतं. भाचीनं मोबाईलवर यादी दाखवली तेव्हा त्यातली दोन गाणी मला नावावरून आठवेनात. म्हणजे क्रमानं ऐकणारे आम्हीही पुष्कळदा नुसते कॅसेट चालू ठेवून खिडकीतला पाऊस पाहणारेच होतो. तरीही एक फरक उरतो असं मी अजून म्हणतो. मी ती दोन गाणी ऐकली होती आणि विसरलो होतो. विसरलेलं गाणं पुन्हा लागलं की काही क्षणांत त्याच्या पुढची ओळ आपोआप ओठांवर येते, आणि आपण ती कुठे ठेवली होती याचं आपल्यालाच आश्चर्य वाटतं. न ऐकलेल्या गाण्याला ही सोय नाही.

पण घरात कॅसेट होती म्हणून आम्ही सगळं लक्ष देऊन ऐकलं असं नाही, म्हणून पुन्हा तबकड्या विकत घेण्याच्या सध्याच्या हौसेकडे मी थोडा संशयानं पाहतो. अमेरिकेत २०२२ साली, १९८७ नंतर पहिल्यांदा, सीडींपेक्षा जास्त तबकड्या विकल्या गेल्या. छान दिसतात त्या भिंतीवर. पण भूप फोनवरही पूर्ण ऐकता येतो. तसा तो ऐकायचा तर तीन-चार गोष्टी बंद कराव्या लागतात, एवढंच.

त्या बंद कराव्या लागतात हे मला साताऱ्याहून परतल्यावर कळलं. भाची एका रविवारी घरी आली होती. तिनंच विषय काढला: "लाव तुझा तो, पहिल्यापासून." तिच्याकडे या वेळी पैसे भरलेलं खातं होतं, त्यामुळे कर्जाचे हप्ते वगैरे मध्ये आले नाहीत. भूपाच्या विलंबितात तिनं दोनदा फोन हातात घेतला, एकदा वेळ पाहिली. बागेश्री सुरू झाला तेव्हा म्हणाली, "हा जरा जास्तच हळू आहे ना?" मी काही बोललो नाही. बागेश्री संपला आणि पुढच्याच सेकंदाला कुणा दुसऱ्याच गायकाचा बागेश्री आपला आपण सुरू झाला. आम्हाला बागेश्री आवडला असावा, असं फोननं ठरवून टाकलं होतं.

"हे थांबवता येत नाही का?" मी विचारलं.

तिनं दोन-तीन ठिकाणी बोट फिरवलं, एक बटण डावीकडे सरकवलं. "येतं की. हे बंद करायचं असतं, हे माहीतच नव्हतं." मग तिनं बागेश्रीचा शेवट पुन्हा लावला, शेवटची दोन मिनिटं. तो संपला. खोलीत काहीच वाजेना. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तिनं फोन उचलून पडद्याकडे पाहिलं.

"संपलं?"

"संपलं."

फोन तिनं पालथा ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली.